वाफेवरचा गोलकीपर

आभार, त्या तपकिरी चामड्याच्या दोन पॅडचे. त्यांत घोड्याचे केस भरलेले आहेत आणि उंदरांनी त्यातले फार थोडे नेले.

आमची शेजारीण ओर्वोक्की पेल्कोनेन सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, शिरताना चष्मा बाहेर काढून ठेवते. सगळेच ठेवतात. नाहीतर काड्या तापतात आणि कानशिलं भाजतात.

आभार, फिनलंडच्या संघाचे. पोरींनो, तुम्ही हसला नाहीत. निदान त्या गोलकीपरच्या तोंडावर तरी नाही.

स्पेनमध्ये शेजाऱ्याची बेल वाजवायला कारण लागत नाही म्हणे.

आभार, तिसऱ्या मजल्यावरच्या मिशीवाल्याचे. त्याचं नाव काउको आहे. आम्ही दोघं एकाच लिफ्टमध्ये म्हातारे झालो, पण नाव मला त्या शुक्रवारी कळलं.

आता नीट सांगतो.

सौनात सुटत नाही असा प्रश्न अजून जन्माला यायचा आहे, असं माझं ठाम मत! सर्दी घ्या, पाठदुखी घ्या, भावाभावांतलं जमिनीचं भांडण घ्या. घाला सौनात, टाका तापल्या दगडांवर पाणी, घ्या वाफ. संपला विषय! मी स्वतः सौनात जन्मलो. तेव्हा गावाकडे तसंच असायचं. घरातली सगळ्यात स्वच्छ जागा तीच. म्हणजे मीही एक सौनात सुटलेला प्रश्नच!

"सुटलेला कुठे?" मार्केट्टा म्हणते. मार्केट्टा माझी बायको.

त्या मार्चमध्ये आमच्या हावुकोस्की गावात चार देशांच्या महिला संघांची आइस हॉकीची स्पर्धा होती. लाटव्हिया, हंगेरी, स्पेन आणि आमच्या अठरा वर्षांखालच्या मुली. आमच्या लहान मुलीच, कारण मोठ्या उतरवल्या असत्या तर ती स्पर्धा झाली नसती, अत्याचार झाला असता. सगळं गाव श्रमदानाला लागलं होतं. कुणी तिकिटं फाडत होतं, कुणी सॉसेज भाजत होतं. मला स्पेन मिळालं. म्हणजे स्पेनच्या संघाचा यजमान. बॅगा उचला, बस चालवा, केळी आणा आणि आमची काळी खारट गोळी चाखून कुणी रडायला लागलं तर पाणी द्या.

शेवटचा सामना शुक्रवारी संध्याकाळी, स्पेन विरुद्ध फिनलंड. आदल्या रात्री स्टेडियममधल्या वाळवण्याच्या खोलीचा पंखा बसला. सकाळी बघतो तर स्पेनच्या दोन्ही गोलकीपरांचं सामान चिंब! गोलकीपरचं सामान म्हणजे साधे कपडे नव्हेत हो. पायांना गादीएवढे पॅड, छातीला कवच, जाळीचं हेल्मेट, एका हातात टोपलीएवढा मोजा आणि दुसऱ्या हातात पाटाएवढा. सगळं घामानं आणि बर्फाच्या पाण्यानं टिपटिपत होतं.

स्पेनच्या संघाची व्यवस्थापक मोन्से दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी.

"वेइयो, आता हे कुठे वाळवू?"

"मोन्से, तू फिनलंडमध्ये आहेस! इथे प्रत्येक इमारतीखाली वाळवण्याची खोली असते. आम्ही तिला सौना म्हणतो."

"जळणार नाही ना?"

"अगं, मी सौनात जन्मलो!"

"ते तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलंत. केळ्यांच्या वेळी."

मी काही मूर्ख नाही. (हे वाक्य मार्केट्टाला वाचून दाखवलं. तिनं विणकाम थांबवलं नाही.) चालू शेगडीवर कपडे वाळत घालू नका, हे अग्निशमन दलवाले आम्हांला बारसं झाल्यापासून सांगत असतात. म्हणून मी आमच्या इमारतीचा सौना आधी तापवला, मग शेगडी बंद केली आणि मगच सामान आत नेलं. नुसती ऊब! वारा सगळीकडून खेळावा म्हणून ते मांडलंही शास्त्रशुद्ध. एक संच वरच्या फळीवर: कवच भिंतीला टेकवून, त्यावर हेल्मेट, पुढे दोन पॅड लटकते, बाजूला दोन हातमोजे. दुसरा संच खालच्या फळीवर, तसाच. दारातून पाहिलं आणि मलाच अभिमान वाटला.

मग मी कॉफी प्यायला वर गेलो. कॉफीबरोबर दालचिनीचा पाव होता. पावानंतर डुलकी होती.

आता एक बारीकशी गोष्ट. दर शुक्रवारी दुपारी आमच्या इमारतीत बायकांची सामायिक पाळी असते. त्या वेळी शेगडी घड्याळावर आपोआप पेटते. सौनाच्या दारावर तसं ठळक लिहिलेलं आहे. पण ते बायकांसाठी लिहिलंय असं समजून मी ते कधी वाचलंच नव्हतं!

जाग आली ती जिन्यातल्या आवाजानं. पहिल्या मजल्यावरची ओर्वोक्की दारात उभी होती. निवृत्त ग्रंथपाल. डोक्याला टॉवेल, गाल टोमॅटोसारखे. मार्केट्टाशी चक्क गप्पा मारत होती! ओर्वोक्की सहसा जून महिन्यात एकदा बोलते, हवा बरी असेल तर.

"मार्केट्टा, तुमच्या त्या स्पॅनिश मुली फार सुसंस्कृत आहेत हं!"

"कुठल्या मुली?"

"सौनातल्या. एक शब्द बोलल्या नाहीत! आजकाल असं कुणी बसतं का? एक वरच्या फळीवर, कोपऱ्यात, ताठ. दुसरी खाली, जरा लाजरी. मी वरचीला विचारलं, वाफ टाकू का? गप्प. म्हणजे टाक. टाकली. म्हटलं, अजून? गप्प. पुन्हा टाकली. हूं नाही की चूं नाही! मग मलाही चेव चढला. अख्खी बादली संपवली. शेवटी मीच खाली उतरले गं, ती तशीच! मनात म्हटलं, हिचं रक्त आपलंच."

"आणि कपडे?" मार्केट्टाचा आवाज बारीक झाला होता.

"तेवढे मात्र घातले होते. परदेशी लोक सौनात अंगावर काहीबाही घेऊन बसतात, ऐकून होते मी. पण या दोघींनी जरा जास्तच घेतलं होतं."

मी जिना उतरलो नाही. मी जिन्यावरून सांडलो!

दार उघडलं. वाफेचा लोट आला आणि त्यातून ते दोघे दिसले. अजून बसलेले. अजून सुसंस्कृत. पण पॅडचा डिंक वितळून शिवण उसवली होती आणि आतला फोम पावासारखा फुगून बाहेर आला होता. कवच पापडासारखं मुरडलं होतं. एका हेल्मेटचं अस्तर गळून हनुवटीवरून ओघळलं होतं. लाळ गाळत झोपल्यासारखं दिसत होतं बिचारं. आणि वास! तो वास मी इथे लिहीत नाही, पडद्यांत अजून आहे.

बातमी माझ्याआधी गावात पोचली. दुकानापाशी कुणीतरी गाडीची काच खाली करून ओरडलं, "शाब्बास वेइयो! समोरच्यांची गोलकीपर शिजवलीस!" आयोजकांचा फोन आला. "हे बघ वेइयो, देशप्रेम आम्हांलाही आहे. पण असं?"

आता सांगायला जायचं होतं नेरेआला.

नेरेआ ही स्पेनची मुख्य गोलकीपर. पाम्प्लोनाला बेकरी चालवते. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि तिच्या मुलीपेक्षा लहान पोरींच्या फटक्यांसमोर उभी राहणारी. हा तिचा देशाकडून शेवटचा सामना होता. दुसऱ्या दिवशीपासून फक्त पाव. मी सगळं सांगितलं.

"माझ्या पॅडवर वाफ टाकली?"

"बादलीभर."

"का?"

"ते नाही म्हणाले नाहीत."

"वेइयो, मी काय घालू?"

हंगेरी आणि लाटव्हिया सकाळचा सामना खेळून बसनं निघून गेले होते. फिनलंडच्या मुलींनी आपले पॅड लगेच पुढे केले, पण आमच्या गोलकीपर म्हणजे भूर्जाची झाडं! ते पॅड नेरेआच्या कमरेच्या वर गेले. दोन दारांच्या मधे अडकल्यासारखी दिसायला लागली ती. गुडघाच वाकेना. पंच म्हणाला, सामान नसेल तर गोलकीपर नाही. रिकाम्या जाळ्यापुढे खेळा.

नेरेआ बाकावर बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. तेव्हा मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. तोवर नुसती भीती वाटत होती.

घरी येऊन मी जिन्यातच मटकन बसलो. ओर्वोक्की बाहेर आली. चष्मा होता आता.

"म्हणजे मी कुणाला वाफ दिली?"

मी सांगितलं. ती मग आत गेली, गाउनवर कोट चढवून परत आली आणि तिनं समोरच्या घराची बेल वाजवली!

न कळवता बेल! आमच्या इमारतीत बेल वाजली की माणसं आतले दिवे बंद करून श्वास रोखतात. पण ओर्वोक्कीनं बोट काढलंच नाही. एका मजल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर गेली. मी मागे. तिसऱ्या मजल्यावर दाराआडून आवाज आला.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. ओर्वोक्की, पहिला मजला."

"मग बेल का वाजवतेस?"

"गोलकीपरचं सामान आहे का?"

मग साखळी निघाली. मिशी दिसली.

"बापाचे पॅड आहेत," मिशी म्हणाली. "पण ते मी देणार नाही."

"स्पेनच्या मुलीला हवेत. तिचं सामान मी शिजवलं."

"ती तूच का!" मिशीनं दार पूर्ण उघडलं. "काउको," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "चल, किल्ली घेतो."

आमच्याकडे प्रत्येक घराला तळघरात एक जाळीची कोठडी असते. स्की, मुरंबे, मोडका पाळणा. आणि बहुतेक कोठड्यांत तळाशी एक गोलकीपर! कारण प्रत्येक घरात कुणीतरी धाकटं असतंच आणि धाकट्याला कायम जाळ्यातच उभं करतात. काउकोचे तपकिरी पॅड निघाले. चौथ्या मजल्यावरून हेल्मेट आलं, त्यावर जबडा वासलेला पाईक मासा रंगवलेला. टोपलीचा मोजा सायकलवाल्या इंजिनियरकडून आणि पाटाचा समोरच्या इमारतीतून; तिथेही ओर्वोक्की बेल वाजवून आली होती! फक्त छातीचं कवच मिळेना.

"बाजूला हो," मागून मार्केट्टा म्हणाली. आमच्याच कोठडीत शिरली, माझे मासेमारीचे डबे हलवले आणि कवच बाहेर काढलं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"तू गोलकीपर होतीस?"

"सात हिवाळे."

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस?"

तिनं सुई-दोरा घेतला आणि बसमध्ये बसून पट्टे शिवले. मी जपून चालवली. एरवी ती सोबत असली की मला गाडी चालवूच देत नाही.

पंचानं सामान उलटसुलट करून पाहिलं. पॅड मोजले, हुंगले, शिंकला. "मोठे पॅड चालत नाहीत," तो म्हणाला. "म्हातारे चालत नाहीत असं काही मला आठवत नाही."

नेरेआ बर्फावर आली तेव्हा प्रेक्षागृह एकदम शांत झालं. तपकिरी पाय, हिरवी छाती, डोक्यावर मासा. वस्तुसंग्रहालयातून पळून आल्यासारखी दिसत होती! आणि मग आमच्या मुलींचा पहिला फटका आला. ती काळी रबरी चकती सुसाट आली आणि पॅडवर आपटली. धप्प! नव्या पॅडवरून चकती टणकन उडते. घोड्याच्या केसांत ती येऊन झोपली! पुन्हा फटका, पुन्हा धप्प. आमच्या पोरी चक्रावल्या. दर थोड्या वेळानं खेळ थांबवून बर्फावरचे केस झाडावे लागत होते. काउको प्रत्येक धप्पला पुटपुटायचा, "बाप... बाप..." ओर्वोक्की उठून उभी राहिली आणि ओरडली, "अशीच बस पोरी, हलू नकोस!" अख्ख्या गावानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

स्पेननं एक गोल केला. मी उडी मारली. मग आपण फिनिश आहोत हे आठवून खाली बसलो. मार्केट्टा उभीच होती.

शेवटी फिनलंडनं दोन केले. स्पेन हरलं. पण शिट्टी वाजल्यावर आमच्या मुली स्वतःच्या गोलकीपरकडे गेल्याच नाहीत! ओळीनं नेरेआकडे आल्या आणि एकेकीनं रिवाजाप्रमाणे तिच्या पॅडवर स्टिकनं थापटी मारली. दर थापटीला केस उडाले. ती पोर शिंकली, पुढची शिंकली, नेरेआ माशाच्या जबड्याआड हसता हसता रडली की रडता रडता शिंकली, मला सांगता येणार नाही. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. केसच असणार.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी बायकांनी तिला सौनात नेलं. रीतसर, अंगावर काही न घेता. ओर्वोक्कीनं विचारलं, "वाफ टाकू?" आतून स्पॅनिशमध्ये एवढी मोठी आरोळी आली की मी अंगणात ऐकली. बाहेर आल्यावर ओर्वोक्की म्हणाली, "मुलगी चांगली आहे. पण पहिली जास्त शांत होती."

नेरेआनं काउकोकडे पॅड आठवण म्हणून मागितले. त्यानं विचार केला. "नाही," तो म्हणाला. मग तिच्या हातात एक मूठ केस ठेवले. ते तिनं रुमालात बांधून नेले.

आता काउको लिफ्टमध्ये मान हलवतो. मीही हलवतो. परवा त्यानं "थंडी आहे" असंही म्हटलं. ओर्वोक्कीची बेल कधी वाजली तर आता कुणी दिवे बंद करत नाही. मार्केट्टा रविवारी जाळ्यात उभी राहते आणि मी तिच्यावर चकत्या मारतो. एकही आत जात नाही. या सगळ्यासाठी मी कुणाकुणाचे आभार मानू? त्या बसलेल्या पंख्याचेसुद्धा मानतो.

त्या शुक्रवारी सकाळी, मी सामान उचलायला गेलो तेव्हा, नेरेआ मला म्हणाली होती की तिला ओलं सामान चालतं, ती नेहमी तसंच घालते.