खिडकी क्रमांक चारचा थकवा

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता खिडकी क्रमांक चारच्या दाखलेबाबूंनी साहेबांच्या मनगटावर 'मूळ प्रतीशी पडताळून पाहिले' असा गोल शिक्का मारला आणि खाली झोकात सही केली.

साहेबांचा दोष इतकाच, की ते कधी नव्हे ते खाली आले होते आणि 'पंखा एवढा जोरात कशाला?' हे विचारण्यासाठी त्यांनी खिडकीतून हात आत घातला होता. खिडकीतून जे आत येईल त्यावर शिक्का मारून ते परत ढकलायचं, हे काम दाखलेबाबू एकोणीस वर्षं करत होते. त्यातली सोळा वर्षं शेजारच्या तीन आणि पाच क्रमांकाच्या खिडक्याही उघड्या असत. मग तिथले दोघे निवृत्त झाले, त्यांच्या जागा 'भरावयाच्या आहेत' या अवस्थेत कायम झाल्या आणि दोन्ही रांगा वळसा घेऊन चारसमोर आल्या. दाखलेबाबूंनी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर करायला मान वर करावी लागते.

"पुढचा!" शिक्का मारून झाल्यावर ते म्हणाले.

एरवी हे प्रकरण शिस्तभंगाचं. पण मुख्यालयाचं परिपत्रक नुकतंच येऊन पडलं होतं: 'कामाचा थकवा : ओळख व प्रतिबंध. प्रत्येक कार्यालयाने आपल्याकडील थकवा शोधून महिनाअखेर कळवावा.' साहेब तेव्हापासून चिंतेत होते, कारण त्यांच्या मते कार्यालयात कोणी थकण्याइतकं काम करतच नव्हतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आस्थापना विभागाच्या बाई साहेबांच्या मनगटाकडे बघून म्हणाल्या. "साहेब, थकवा आपल्या घरचाच निघाला."

दुपारी दाखलेबाबूंना वर बोलावणं आलं. आता नोकरी जाणार म्हणून ते डबा आणि छत्री घेऊनच गेले. साहेबांनी मात्र त्यांना खुर्ची दिली आणि 'थकवा प्रतिबंध अधिकारी' अशी नेमणूक हातात ठेवली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हा साहेबांचा युक्तिवाद होता.

"म्हणजे खिडकी दुसऱ्या कोणाकडे जाईल?" दाखलेबाबूंनी आशेने विचारलं.

"छे! हे तुम्ही खिडकी सांभाळून करायचं. फावल्या वेळात."

"साहेब, फावला वेळ कुठला?"

"तोच शोधायचाय," बाई म्हणाल्या. "परिपत्रकातला चौथा मुद्दा तोच आहे."

पहिलं काम पाहणीचं. चौसष्ट प्रश्नांचा नमुना, तीन प्रतींत. 'सकाळी कामावर जाऊ नये असे वाटते काय? वाटत असल्यास केव्हापासून? पुरावा जोडावा.' पाहणीपूर्वी कार्यालयात थकलेले तिघे होते. नमुना भरता भरता ते एकतीस झाले. मुख्यालयाने ताबडतोब खुलासा मागवला: 'प्रतिबंध अधिकारी नेमल्यानंतर थकवा दसपट कसा?'

खुलासा म्हणून ताणमुक्ती वर्ग सुरू झाला. कार्यालय सुटल्यावर एक तास, अंगठा लावून हजेरी सक्तीची. वर्ग घेणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी डोळे मिटायला लावून सांगितलं, "इथे मन मोकळं करा, कोणी काही म्हणणार नाही."

"मला घरी जायचंय," टंकलेखिका मोकळेपणाने म्हणाली. "बाळ शेजारणीकडे ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी तिला 'सकारात्मकतेचा अभाव' याबद्दल लेखी समज मिळाली. ती टाईप करण्याचं काम तिच्याकडेच होतं. त्या महिन्याच्या पाहणीत कार्यालयात एकही थकलेला माणूस सापडला नाही.

दाखलेबाबूंचं घरी वेगळंच चाललं होतं. एका संध्याकाळी लेकीने आपलं चित्र त्यांच्यापुढे धरलं, तर ते म्हणाले, "ही छायाप्रत झाली. मूळ प्रत कुठाय?"

वाढता वाढता बायकोचा हात थांबला. "अहो, मूळ प्रत काय? तिने काढलंय ते, तुमच्यासाठी."

"मग उद्या या," दाखलेबाबू म्हणाले आणि ताटावर मान घालून बसले. लेक चित्र घेऊन आत गेली.

बायकोने दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तीन आठवडे पूर्ण विश्रांती लिहून दिली. रजेचा अर्ज साहेबांकडून बाईंकडे गेला, आणि बाईंनी तो नियमाप्रमाणे अभिप्रायासाठी थकवा प्रतिबंध अधिकाऱ्यांकडे पाठवला.

दाखलेबाबूंनी आपला अर्ज दोनदा वाचला. एकोणीस वर्षांत त्यांनी नियमाबाहेरचा एकही कागद पुढे सरकवला नव्हता. त्यांनी शेरा लिहिला: 'कार्यालयात थकवा शून्य असल्याचे मुख्यालयास कळवले आहे. सबब अर्जदार थकलेला असू शकत नाही. अर्ज नामंजूर.'

"किती निःपक्षपाती माणूस!" बाईंना गहिवरून आलं.

"तुम्हाला काय म्हणावं तेच कळत नाही," घरी बायको म्हणाली. "दुसऱ्यांचे अर्ज अडवता ते ठीक, निदान स्वतःचा तरी सोडायचा!"

पुढच्याच महिन्यात 'थकवामुक्त कार्यालय' म्हणून त्यांच्या कार्यालयाची निवड झाली. ढाल द्यायला मुख्यालयाची समिती आली. समितीच्या अध्यक्षांनी दाखलेबाबूंना पुढे बोलावलं. "सांगा, हे कसं साधलंत?"

दाखलेबाबूंनी तोंड उघडलं. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं पाणी. ढाल हातात धरून ते तसेच उभे राहिले. समितीने टिपणात नोंद केली: 'अधिकारी भारावून गेले.' टाळ्या वाजल्या.

टाळ्या संपल्यावर ते जिना उतरले, ढाल खुर्चीवर ठेवली, आणि भर दुपारी, त्रेसष्ट माणसांच्या रांगेसमोर खिडकीची झडप खाली ओढून घरी निघून गेले. अर्ज नाही, अभिप्राय नाही.

बायकोने काही न विचारता अंथरूण घातलं आणि त्यांचा फोन पिठाच्या डब्यात खुपसला. तीन दिवस ते झोपले. चौथ्या दिवशी त्यांना भूक लागली. अकराव्या दिवशी लेकीने केलेल्या एका नकलेवर ते खदखदून हसले, तेही हजेरी न लावता.

कार्यालयात साहेब कारवाईचा विचार करत होते, पण त्यांना बोटही उचलावं लागलं नाही. रांगेतल्या लोकांनीच कागद मागून घेतला आणि तक्रार लिहून काढली: 'येथील इसम अत्यंत कामचुकार असून जनतेला ताटकळत ठेवून घरी झोपा काढतो. त्याला तात्काळ बडतर्फ करावे.' इतर खिडक्या का बंद आहेत, हे विचारायला कोणाकडेच वेळ नव्हता. सगळे अर्धा दिवस टाकून आले होते, आणि प्रत्येकाला आपापल्या कामावरून तिसऱ्यांदा फोन येऊन गेला होता.

आतापर्यंत एकशे बारा सह्या झाल्या आहेत. तुम्हालाही कसला ना कसला दाखला लागणारच. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे, पेन दोरीने बांधून ठेवलंय. घाईत असाल तर वाचायची गरज नाही, नुसती सही केली तरी चालेल.