गेटवर कोण होतं?

आमच्या कॉलनीत कोणाला ताप आला, की औषधाच्या आधी गांगुर्डे काका पोचतात. तब्येत कशी आहे, असं ते विचारत नाहीत. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवतात, आजाऱ्याकडे संशयाने बघतात आणि म्हणतात, "गेटवर कोण होतं?"

काका सातपूरच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होते. रिटायर झाले, पण गेट सुटलं नाही. ते कारखान्यातून उठून माणसाच्या शरीरात आलं, इतकंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे वॉचमन आणि जंतू म्हणजे चोर. इथपर्यंत मला समजतं. मग काका समजावून सांगायला लागतात आणि काही समजेनासं होतं.

"वॉचमन चोराला धरतो आणि गिळतो," ते मला म्हणाले. नको त्या जागी गळू झाल्यामुळे मी पालथा पडलो होतो. पळायची सोय नव्हती.

"गिळतो?"

"अख्खा! पोटातच विरघळवतो. आता काही चोर अंगाला तेल चोपडून येतात, हातात सापडत नाहीत. मग काय करायचं?"

"पोलिसांना फोन?"

"अहो, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची त्याच्या! चिठ्ठीला धरून ओढायचा. पण टीबीचा चोर लय बेरकी. तो खुशाल गिळू देतो आणि वॉचमनच्याच पोटात संसार थाटतो."

"आणि वॉचमनला कळत नाही?"

"तुम्हाला कळलं होतं का गळू येणार ते?"

यात नक्की चोर कोण, वॉचमन कोण आणि मी कोण, हे मला अजून उलगडलेलं नाही.

पुढे गळू फुटलं. मी तोंड वाकडं केलं तर काका गरजले, "नाक काय मुरडता? पू म्हणजे ड्यूटीवर कामी आलेले वॉचमन आहेत ते!" आणि कापसाच्या बोळ्याला त्यांनी चक्क सॅल्यूट ठोकला. मला आयुष्यात कोणी सॅल्यूट केलेला नाही. माझ्या गळवाला मिळाला.

मग काकूंनाच दवाखान्यात ठेवावं लागलं. मधुमेह जुना, त्यात चपलेने अंगठ्याला घासलं आणि जखम चिघळली. डॉक्टरांनी सांगितलं, आज ड्रेसिंग उघडून बघू. पसरलं असेल तर अंगठा काढावा लागेल.

दुपारी मी गेलो तर काका कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर ताठ बसलेले. नजर बँडेजवर. मला बघूनही गेटचं नाव काढलं नाही, तेव्हा मी घाबरलो.

"डोळ्याला डोळा नाही यांचा," काकू म्हणाल्या. "म्हणतात, साखर वाढली की आतले वॉचमन पेंगतात, म्हणून बाहेरच्याने जागायचं."

"म्हणजे काका जागले की पेशी जागतात?"

"मला विचारू नका. लग्न झाल्यापासून मी नुसती मान हलवते."

"काका, जरा पडा जाऊन."

"रिलीव्हर आल्याशिवाय गेट सोडता येत नाही," ते म्हणाले. मूलबाळ नाही; पाळी बदलायला रिलीव्हर येणार कुठून?

"मी आलोय ना."

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. मी पसंत पडलो नाही, पण दुसरा उमेदवार नव्हता. उभं राहून त्यांनी रीतसर चार्ज दिला. "पांघरूण अंगठ्याला लागू द्यायचं नाही. माशी बसू द्यायची नाही. आणि तहान लागली तरी ती पाणी मागत नाही. आपण विचारायचं." मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या बसल्याच झोपले.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. ड्रेसिंग उघडलं, वाकून बराच वेळ बघितलं. "जखम आता लाल दिसतेय, म्हणजे भरतेय. अंगठा राहील," म्हणाले.

मी काकांना उठवायला धावलो.

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "उठले की डॉक्टरांना समजावत बसतील." असं म्हणून त्यांनी पदराने डोळे टिपले.

मी परत स्टुलावर बसलो. आता काय करायचं असतं, ते सुचेना. मग चार्ज आठवला.

"काकू, पाणी देऊ?"

"द्या," त्या म्हणाल्या. "केव्हाची तहान लागलीय."