जब्बारचाचांचं झिरो-दोन-तीन-दोन

मी जब्बारचाचांचा कीबोर्ड भंगारात दिला. त्यांना न विचारता, आणि वर पुण्य केल्यासारखा चेहरा करून.

वसमतच्या बसस्टँडसमोर आमचं दुकान आहे. अर्ध्यात माझं झेरॉक्स, अर्ध्यात चाचांचं टायपिंग. इथले हळदीचे व्यापारी परदेशात माल धाडतात, त्या पोत्यांची लेबलं चाचाच करतात. तिकडच्या गावांच्या नावांतल्या अक्षरांवर टिंबं, टोप्या, तिरप्या रेघा असतात आणि त्या आपल्या कीबोर्डवर नसतात. चाचा डाव्या हातानं आल्टचं बटण दाबून धरतात, उजव्या हातानं उजवीकडच्या चौकोनातले चार आकडे ठोकतात. आल्ट सोडलं की टोपीसकट अक्षर हजर. सगळे आकडे तोंडपाठ. स्वतःचा मोबाईल नंबर मात्र मला विचारतात.

पुढंपुढं त्यांना माणसंही तशीच दिसायला लागली. कपाळावर चष्मा चढवणारे तलाठी म्हणजे ü. "गज्या, झिरो-दोन-पाच-दोन आले, खुर्ची दे." टोपीवाले सरपंच ê. मी ñ, कारण माझ्या डोक्यावर एकच बट उरलीय आणि तीही लाटेसारखी उडते.

एकदा मी त्यांची फाईल भलत्याच पद्धतीनं सेव्ह केली. उघडली तर प्रत्येक ü च्या जागी Ã¼ अशी जोडी. चाचा शांतपणे म्हणाले, "एक पावणा बोलावला व्हता. तू दोन अनोळखी बसवलेस. बराबर कर."

तर तो कीबोर्ड. फटींत हळद भरलेली, दोनचं बटण दाबलं की चिकटायचं. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले तेवढ्यात मी नवा, छोटा, देखणा कीबोर्ड लावला आणि जुना भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकला.

चाचा आले, बसले, उजवा हात उचलला. तो हवेतच राहिला.

"गज्या, आकडे कुठं गेले?"

"वरच्या ओळीत आहेत की."

"त्यानं न्हाई होत. उजवीकडचे पायजेत."

नव्यात उजवीकडचा तो चौकोनच नव्हता. इतकी वर्षं शेजारी बसून मी चाचांचा हात तिथंच पडताना बघत होतो. पण खरेदी करताना मी बघितला फक्त रंग.

"लेबलं उद्या करा, चाचा."

"लेबल न्हाई. आज इनेसचं पत्र."

इनेस ही त्यांची नात. मुलगा फ्रान्सात लग्न करून तिकडचाच झाला. तिच्या नावात तिरप्या रेघेचं è आहे, झिरो-दोन-तीन-दोन.

"मागच्या पत्रातून नाव कॉपी करून चिकटवा," मी अक्कल पाजळली.

"नातीचं नाव उसनं आणू?"

"बरं, बाकी मजकूर तर लिहून घ्या."

चाचांनी मागचं पत्र उघडलं. त्यात बाकी मजकूर नव्हताच. एका ओळीत तिचं नाव. खाली तिचं उत्तर: Jabbâr.

"तिला माझी बोली येत न्हाई, मला तिची. व्हिडिओवर ती लाजते, मी रडून राहतो. म्हणून दर जुम्म्याला मी तिचं नाव लिवतो, ती माझं." त्यांनी त्या â वर बोट ठेवलं. "मी टोपी घालतो ना. लेकरानं बघून इथं भी घातली."

मी चप्पल न घालताच पळालो. भंगारवाला नाक्यावर सापडला. कूलरच्या पत्र्याखालून कीबोर्ड ओढून काढला, कोपर खरचटून घेतलं, परत आलो.

चाचांनी तो जोडला, फुंकर मारली, दोनचं बटण नखानं मोकळं केलं. आल्ट धरलं. झिरो, दोन, तीन, दोन. पडद्यावर नाव पुरं झालं. त्यांनी ते एकदा बोटानं वाचलं आणि पाठवलं.

मी तोंड फिरवून डोळे पुसत होतो. चाचांनी माझ्याकडं नीट बघितलं, अगदी बटेपर्यंत.

"भंगारवाल्यानं कीबोर्ड नेला व्हता," ते म्हणाले, "तुला काहून ठेवलं?"