गुळवेकाका घर मांडतात

गुळवेकाकांना रिकामं घर दाखवा, ते आधी चपला मांडतात. सोफा, पडदे वगैरे नंतर. दाराबाहेर एक पुरुषी जोड, नीट. शेजारी एक बायकी जोड, त्यातली एक चप्पल किंचित वाकडी. ती वाकडी चप्पल मनासारखी वाकडी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा वाकतात, मागे सरतात, डोळे बारीक करून बघतात आणि मग म्हणतात, "हां. आत्ता येतील."

"कोण येतील?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"घरातली माणसं. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, कोपऱ्यापर्यंत गेलीत, आत्ता येतील. रिकामं घर कुणी घेत नाही हो. रिकामं दिसता कामा नये."

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात काचेमागचे पुतळे सजवण्यात काकांचा जन्म गेला. पुतळ्याला साडी कुणीही नेसवेल, असं त्यांचं म्हणणं. पुतळ्याला घरी जायची घाई आहे असं दाखवणं ही खरी कला. निवृत्त झाल्यावर पुतळे सुटले, कला सुटली नाही. विकायला काढलेले रिकामे फ्लॅट ते मांडून देऊ लागले. अटी दोनच: टेम्पोचं भाडं द्यायचं आणि मध्ये बोलायचं नाही. पुण्यात दुसरी अट जास्त महाग पडते.

माझा फ्लॅट धायरीत. इमारतीला नाव इटलीतल्या कुठल्याशा तळ्याचं. माहितीपत्रकात होड्या, प्रत्यक्षात पाण्याचा टँकर. घेतला तेव्हा मी त्याला गुंतवणूक म्हणत होतो आणि आई खाज म्हणत होती. तेव्हापासून तो तसाच पडून होता. आता मात्र तो विकणं निकडीचं झालं. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांपायी आई दिवाळीपासून खाली उतरली नव्हती. त्यात तळमजल्यावरचा, गुळवेकाकांच्या समोरचा फ्लॅट विकायला निघाला. मालक भला माणूस, पण तोही किती थांबणार? धायरीचा फ्लॅट विकला तरच आईला पुन्हा बाहेरची हवा मिळणार होती.

दलाल होते बाळासाहेब, मूळचे धायरीचेच. पहिल्याच भेटीत ओट्यावर हात फिरवून म्हणाले, "सर, ह्या रानात आमची ज्वारी व्हायची. आता तिथं तुमचं किचन हाय. मॉड्युलर." तो रिकामा फ्लॅट त्यांनी अनेकांना दाखवला. लोक यायचे, आवाज घुमतो का बघायला एकदा खोकायचे आणि जायचे. शेवटी मी काकांना शरण गेलो.

काका टेम्पो भरून सामान घेऊन आले. भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडले. "खाडे नसलेलं कॅलेंडर म्हणजे दुकानातलं कॅलेंडर." सोफ्यावरच्या उशीला एक बुक्की मारली, कुणीतरी टेकून उठल्यासारखी. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर चष्मा, शेजारी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, आणि तेही चुकीचं. "गिऱ्हाइकाला बरोबर उत्तर येतं," काकांनी समजावलं. "या घरातल्यांपेक्षा आपण हुशार आहोत असं वाटलं की माणूस घर घेतो." मला स्वयंपाकघरात नेमलं. कुकरात नुसतं पाणी घालायचं आणि पार्टी दारात आली की शिट्टी झाली पाहिजे. माझ्याच घरात मी वरणभाताचं सोंग करत उभा होतो.

"काका, पार्टीला पार्किंग दावायचं सोडून चपला काय दावताय?" बाळासाहेबांना राहवेना.

"पार्किंगमध्ये कुणी संसार करत नाही, बाळासाहेब."

एका वस्तूला मात्र कुणी हात लावायचा नाही. खिडकीपाशी वेताची खुर्ची आणि तिच्यावर अर्धा विणलेला राखाडी स्वेटर, सुयांसकट. "ती बसायची नाही, बघायची आहे." एक गृहस्थ टेकायला गेले, तर काका म्हणाले, "आपण उभेच छान दिसता." गृहस्थांनी घर घेतलं नाही हे सांगायला नकोच.

काकांचं स्वतःचं घर आतून कुणी पाहिलं नव्हतं. बेल वाजवली की दार वीतभर उघडायचं आणि काका त्या फटीतून बोलायचे. "आत तिजोरी असणार," आई म्हणायची. "नाहीतर पसारा. पसाराच असेल, पुरुषमाणूस एकटा."

एका रविवारी बाळासाहेबांनी खात्रीची पार्टी आणली. आयटीतला मुलगा, त्याची बायको आणि मुलाची आई. शिट्टी वेळेवर झाली. मुलगा भिंतींवर टकटक करत फिरला, आजींनी दिशा विचारल्या. सून मात्र दारातच थबकली. "किती छान आहे हो! कोण राहतं इथे?"

काकांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "बसा, चहा टाकतो," म्हणून त्यांनी दूध तापत ठेवलं. कुणाला बसा म्हणण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. सून बसली, आणि नेमकी वेताच्या खुर्चीत. स्वेटर मांडीवर घेऊन तिनं निरखला.

"काका, इथे एक टाका सुटलाय. उचलून घेऊ?"

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "राहू दे," ते म्हणाले. "तिचा आहे तो."

"कुणाचा?"

काका नुसते तिच्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि दुधाकडे कुणीच बघितलं नाही. ते फसफसून ओट्यावर आलं.

"अगं बाई, दूध उतू गेलं!" आजी ओरडल्या. आता नव्या घरात दूध उतू घालवतात ते घरच्या मालकिणीच्या नावानं, मुद्दाम, पूजा करून. "म्हणजे वास्तू झाली की इथली! कुणा दुसऱ्याच बाईच्या नावानं. मग आम्ही काय पाहुणे म्हणून यायचं?"

"आई, लॉजिकली बघितलं तर..."

"तू गप्प बस."

मी काकांकडे पाहिलं. ज्या माणसाकडे पार्किंगलाही उत्तर होतं, तो या एका दुधाला उत्तर देईल अशी माझी खात्री होती. काका फडक्यानं ओटा पुसत राहिले. पार्टी गेली.

मी भडकलो. "काका, माझ्या आईचा प्रश्न होता हो! घेऊन जा तुमचं सगळं."

संध्याकाळी टेम्पो आमच्या सोसायटीत आला. ड्रायव्हरला घाई होती, म्हणून खुर्ची मीच उचलली आणि काकांच्या मागोमाग त्यांच्या घरात शिरलो. तिजोरी नव्हती, पसाराही नव्हता. एक खाट, एक स्टूल आणि भिंतींवर नुसते खिळे. माझ्या पावलांचा आवाज धायरीच्या फ्लॅटसारखा घुमला.

"काका, तुमचं सामान?"

"टेम्पोत."

मग खाटेवर बसून ते हळूहळू बोलले. "ती गेली तेव्हा सगळं होतं तसंच ठेवलं होतं. चष्मा, कोडं, हा स्वेटर. कोडी तिला कधीच सुटायची नाहीत. संध्याकाळी दार उघडलं की वाटायचं, कोपऱ्यापर्यंत गेलीय, आत्ता येईल. रोज वाटायचं. टाकवेना, बघवेना. मग म्हटलं, दुसऱ्यांच्या घरी मांडू. इथे मांडलं की मी वाट बघत बसतो. तिथे मांडलं की गिऱ्हाईक बघतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडूच आलं असतं, पण हातात खुर्ची होती. ती मी खिडकीपाशी ठेवली आणि वर आलो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. त्या आजींचा.

"तुमचे काका आले होते सकाळी, बसनं. म्हणाले, ती खुर्ची माझ्या बायकोची. तिच्यानंतर त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं, तुमची सून बसली आणि दूध उतू गेलं. मग ते कुणाच्या नावानं गेलं, तुम्हीच सांगा, म्हणाले. आता यावर मी काय बोलणार? कागदपत्रं कधी करायची?"

उन्हाळा संपायच्या आत आम्ही तळमजल्यावर आलो. वास्तूच्या दिवशी आई शिऱ्याची वाटी घेऊन, माझा हात धरून, समोर काकांकडे गेली. मी बेल वाजवली. दार वीतभर उघडलं आणि मग सबंध उघडलं. आत अजूनही फारसं काही नव्हतं. बाकीचं सामान मांजरी गावातल्या कुठल्याशा फ्लॅटमध्ये संसार करत होतं. पण या वेळी खुर्ची टेम्पोत चढली नव्हती. ती मी ठेवली होती तिथेच खिडकीपाशी होती, स्वेटरसकट.

एवढं चालूनही आईला धाप लागली होती. टेकायला जागा शोधत तिनं खोलीभर नजर फिरवली. काका क्षणभर घुटमळले. मग त्यांनी स्वेटर उचलून हातावर घेतला.

"बसा, वहिनी. रिकामी दिसता कामा नये."

आई बसली. गुडघे चोळले, खिडकीबाहेर जरा बघितलं.

"चहा ठेवा आता," ती म्हणाली. "आणि दुधाकडे लक्ष असू द्या."