विनायक मुळ्ये यांचे कोकणदर्शन

माणूस ज्या प्रदेशात जन्मतो, तिथली प्रेक्षणीय स्थळे पाहण्यापासून त्याला जन्मतःच सूट मिळालेली असते. ही सूट त्याला हयातभर उपभोगता येते, परगावी बदली झाली तरी ती रद्द होत नाही, आणि तिच्यासाठी कुठलाही अर्ज करावा लागत नाही. उलट अंतर जितके वाढते तितका त्या प्रदेशाविषयी बोलण्याचा अधिकार वाढत जातो. राजापुरात राहणारा माणूस कोकणाबद्दल जेमतेम दोन वाक्ये बोलतो (पैकी एक रस्त्यांबद्दल असते). पुण्यात गेलेला पंधरा मिनिटे बोलतो. विनायक मुळ्ये कोलकात्यात होते.

मुळ्ये एका सरकारी बँकेत अधिकारी. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन आले ते डमडमला मेट्रो स्टेशनाजवळच्या एका सोसायटीत राहिले. पत्नी लीना नागपूरची, मुलगी यामिनी आठवीत. यामिनीचे मराठी आईवडिलांकडून आलेले आणि बाकी सगळे शेजारपाजारच्यांकडून, त्यामुळे ती तहान लागली की "मी पाणी खाते" असे म्हणत असे. शेजारच्या बंगाली घरात पाणी खातातच, तेव्हा तिचे काही अडत नव्हते.

सोसायटीत मुळ्यांना मान होता तो बँकेमुळे नव्हे, कोकणामुळे. जिन्यात, लिफ्टमध्ये, मासळीवाल्यापुढच्या रांगेत, जिथे दोन माणसे भेटतील तिथे मुळ्ये सांगत, "हमारे यहाँ समुद्र पायाशी आणि पहाड़ डोक्याशी." (हिंदी वाक्य मध्येच मराठीत शिरले की ते मनापासून बोलत आहेत, हे सोसायटीला कळे.) ऐकणारा म्हणे, "दारुण!" मराठीत हा शब्द पराभव आणि अवस्था या दोघांखेरीज कोणालाही लावत नाहीत. त्यामुळे पहिले वर्षभर मुळ्ये दुखावले जात. दुसऱ्या वर्षी त्यांना कळले की बंगालीत 'दारुण' म्हणजे अप्रतिम. तेव्हापासून ते कोकणाचे वर्णन दुपटीने करू लागले.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. यंदाच्या पूजेच्या सुट्टीत सहल कोकणात न्यायची, असे सोसायटीच्या सभेत एकमताने ठरले. ठराव मांडला तपनबाबू सान्यालांनी. तपनबाबू बजबजच्या ज्यूट मिलमधून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर, बावीस राज्ये पाहून झालेली. प्रत्येक सहलीची त्यांच्याकडे एक वही होती, आणि सहलीला जाण्याआधीच ती निम्मी भरलेली असे.

"बिनायकबाबू, आप आगे आगे चलेगा," तपनबाबू म्हणाले, "हम लोग पीछे पीछे जाएगा. आपका देश, आप दिखाएगा."

चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या. मुळ्यांनी हात जोडले. घरी आल्यावर त्यांनी पंखा पाचवर केला आणि खाली बसले.

"तुम्ही दाखवणार?" लीना म्हणाली. "तुम्ही काय पाहिलंय?"

"अठरा वर्षं राहिलोय मी तिथे."

"ते राहणं झालं. मी पाहण्याचं विचारतेय."

प्रश्न प्रशासकीयदृष्ट्या रास्त होता. मुळ्यांनी कागद घेतला आणि रत्नागिरी व आसपासच्या प्रेक्षणीय स्थळांची यादी, स्वतःच्या अनुभवासह, तयार केली. थिबा राजवाडा: समोरून तीन वर्षे सायकलने कॉलेजला गेलो, आत गेलो नाही, कारण आत कोणी ओळखीचे नव्हते. गणपतीपुळे: मावसभावाच्या साखरपुड्याला गेलो असता पाहिले (समुद्राकडे पाठ होती, पंगतीत वाढत होतो). मार्लेश्वरचा धबधबा: शाळेची सहल गेली तेव्हा गोवर आला होता. विजयदुर्ग: चित्रात. राजापूरची गंगा: ती येते तेव्हा मी नसतो, मी असतो तेव्हा ती नसते, दोष समसमान. रत्नागिरी जिल्हा न्यायालय: संपूर्ण पाहिले, सर्व मजले.

यादी वाचून त्यांनी गावी चुलतभावाला, अनीशला, फोन लावला.

"आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे रे?"

"कोणाला?" अनीश म्हणाला.

"पाहुण्यांना."

"आम्ही गोव्याला जातो," अनीश म्हणाला.

शेवटी मुळ्यांनी मोबाइलवर वाचून चार दिवसांत कोकण पाठ केले. कार्यक्रमपत्रिकेत नऊ स्थळे होती. उमरवणे, म्हणजे त्यांचे स्वतःचे गाव, त्यांत नव्हते. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'पाहण्यासारखे काही नाही' असे लिहिले. खरे कारण कालिंदीआत्या हे होते. वडिलांच्या मागे गावच्या घरात आत्या एकटी राहत होती. गावच्या शाळेत तिने चौतीस वर्षे शिकवले होते. मुळ्यांना पाढे, बाराखडी आणि पोहणे तिनेच शिकवले. तिला भेटायला ते नऊ वर्षांत गेले नव्हते. या नऊ वर्षांपैकी चार वर्षे ऑडिट होते, दोन वर्षे महामारी, एक वर्ष बदली, एक वर्ष यामिनीचा कान. एका वर्षाचे कारण बरेच शोधूनही सापडले नाही. चौदा माणसांच्या देखत तिच्या दारात उभे राहण्याची त्यांची तयारी नव्हती.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी मंडळी हावड्याहून निघाली. सामानात चौदा माकडटोप्या (ऑक्टोबरात कोकणात उकाडा असतो हे मुळ्यांनी दोनदा सांगितले होते, त्यावर "पहाड़ है ना?" एवढेच उत्तर आले), मुरमुऱ्यांचे सहा डबे आणि पोटाच्या औषधांची एक स्वतंत्र पेटी.

मार्गदर्शकाचे काम अवघड असते, पण जे स्वतः पहिल्यांदा पाहत आहोत ते तेराव्यांदा पाहत असल्याच्या चेहऱ्याने पाहणे, हे त्याहून अवघड. थिबा राजवाड्याच्या जिन्यात मुळ्ये थबकले. इतके सुंदर लाकूडकाम आपण तीन वर्षे सायकलवरून ओलांडत होतो! त्यांच्या तोंडून "अरे वा" निघणार होते. ते त्यांनी खोकल्यात घालवले. गणपतीपुळ्याला सूर्य मावळताना समुद्र पाठीमागून पुढे येऊन उभा राहिला, तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरून आले. कोकणी माणसाने समुद्र पाहून भारावणे शोभत नसल्याने ते नारळवाल्याशी विनाकारण बोलू लागले.

विजयदुर्गावर प्रकरण उघडे पडले. मुळ्यांनी बुरूज दाखवत एक शतक सांगितले. तपनबाबूंनी वही उघडली, चष्मा वर केला आणि अत्यंत नम्रपणे दुसरे सांगितले. मग त्यांनी पुढच्या दरवाज्याची, तटाच्या तिहेरी बांधणीची आणि वाऱ्याच्या दिशेची माहिती दिली. बाकीचे तेरा जण आता तपनबाबूंच्या मागे होते. मुळ्ये चौदावे होते.

"बाबा," यामिनी म्हणाली, "तुम्ही हे आधी पाहिलेलं नाही ना?"

"पाणी खा," मुळ्ये म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी तपनबाबूंनी वहीचे एक पान मुळ्यांपुढे धरले. त्यावर बंगालीत एक नाव होते. मुळ्यांना सहा वर्षांत तेवढे बंगाली वाचता येऊ लागले होते. उमरवणे.

"यहाँ का कातल-शिल्प," तपनबाबू म्हणाले. "जमीन के ऊपर खुदा हुआ हाथी. कोई नहीं जानता किसने बनाया. आपके लिस्ट में क्यों नहीं है, बिनायकबाबू?"

मुळ्यांना हत्ती आठवला. गावाबाहेरच्या सड्यावर, त्या मोकळ्या काळ्या कातळावर, ते सात वर्षे क्रिकेट खेळले होते. कातळात काही रेघा होत्या खऱ्या. एक खाच स्टंप रोवायला फार सोयीची होती. तिला ते 'एंड' म्हणत.

दोन गाड्या उमरवण्याला लागल्या तेव्हा अकरा वाजले होते. सड्यावर आता दगडांचा गडगा घातला होता, एक पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये टेबलाशी, नऊवारीत, डोक्याला रुमाल बांधून, हातात फूटपट्टी घेऊन कालिंदीआत्या बसली होती. वय ब्याऐंशी. आल्यागेल्याला माहिती सांगायला गावात दुसरे कोणी तयार नसल्याने हे काम तिने स्वतःकडे घेतले होते.

तिने गाडीतून उतरणारी माणसे पाहिली. मग मुळ्यांना पाहिले. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मुळ्ये पुढे होऊन वाकले. तिने पाठीवर हात ठेवला, तो जरा वेळ तिथेच राहिला. मग तिने टेबलावरची वही त्यांच्यापुढे सरकवली.

"पाहुण्यांनी सही करायची असते, विनू."

"आत्या, अगं मी..."

"सगळे करतात."

वहीत तीन रकाने होते: नाव, गाव, येण्याचे कारण. नाव त्यांनी लिहिले. गावापाशी पेन थांबले. बँकेत रोज दीडशे सह्या करणाऱ्या माणसाचे पेन असे थांबलेले लीनाने पूर्वी पाहिले नव्हते. 'उमरवणे' लिहावे तर वहीत वरच्या ओळींत उमरवण्याचे एकही नाव नव्हते; उमरवण्याचे लोक इथे सही करायला येत नाहीत, ते इथे असतात. त्यांनी 'कोलकाता' लिहिले. कारणाच्या रकान्यात वरच्या सगळ्यांनी 'पाहणे' लिहिले होते. त्यांनी त्याखाली 'वरीलप्रमाणे'ची दोन टिंबे काढली.

आत्याने वही आपल्याकडे वळवून वाचली, मान डोलावली आणि उठली.

ती मराठीतच बोलत होती, चौदा जणांना त्यातले काही कळत नव्हते. मुळ्ये भाषांतराला पुढे सरसावले, पण त्यांना काय सांगायचे हेच कळेना. तेव्हा यामिनी आत्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने एकेक वाक्य बंगालीत सांगायला सुरुवात केली. एखादा शब्द अडला की ती आत्याला विचारी, आत्या फूटपट्टीने कातळावर दाखवी, मग दोघी पुढे सरकत. हा मासा. हा गवा असावा. हे काय आहे ते ठाऊक नाही, आणि आपल्याला ठाऊक आहे असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मुळ्ये सर्वांच्या मागे, ऊन चुकवत उभे होते.

"आणि हा हत्ती," आत्या म्हणाली. "काढणाऱ्याचं नाव गाव माहीत नाही. किती हजार वर्षं ऊनपावसात टिकला. पुढच्या पायाचा अंगठा मात्र गेलाय. तो ह्या माझ्या भाच्यानं स्टंप ठोकून ठोकून घालवला."

"यामिनी, हे नको सांगूस," मुळ्ये म्हणाले.

यामिनीने सांगितले.

मग तपनबाबू पुढे आले, गुडघे टेकून त्यांनी अंगठ्याच्या जागची खाच निरखली, वहीत लिहून घेतली आणि मुळ्यांना तिच्यापाशी उभे करून त्यांचा फोटो काढला. "दारुण!" ते म्हणाले. त्या दिवशी मुळ्यांनी तो शब्द मराठीत घेतला.

दुपारी घरी जेवण झाले. आत्याने दोन शेजारणींना हाताशी घेऊन सतरा पाने वाढली. यामिनीने पाणी खाल्ले. आत्या म्हणाली, "खा हो, चावून खा." निघताना मुळ्ये पडवीत घुटमळले.

"आत्या, तू फोनवर कधी बोलली नाहीस, हे वहीचं, हत्तीचं."

"तू दर वेळी तब्येत विचारतोस. तब्येतीला काय झालंय?" आत्या म्हणाली. मग फूटपट्टी खुंटीला अडकवत म्हणाली, "सवडीनं ये. हत्ती काही कुठे जात नाही. माझं मी सांगत नाही."

डमडमला परतल्यावर सोसायटीने सत्कार केला. यामिनीला शाल मिळाली, मुळ्यांना संदेश या बंगाली मिठाईचा एक डबा. आभाराच्या भाषणात मुळ्ये कोकणाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सहा वर्षांत प्रथमच त्यांना त्याची थोडी माहिती झाली होती. ते एवढेच म्हणाले, की आता पुढच्या रविवारी आपण मला कोलकाता दाखवा. मी व्हिक्टोरिया मेमोरियलसुद्धा आतून पाहिलेले नाही.

सभागृहात चुळबुळ झाली. सगळ्यांनी तपनबाबूंकडे पाहिले.

"भीतर?" तपनबाबू म्हणाले. "भीतर तो हम भी नहीं गया. बस से रोज़ देखता था."

चौकशीअंती असे निष्पन्न झाले की उपस्थितांपैकी एकच गृहस्थ आत जाऊन आलेले होते, इयत्ता चौथीत, आणि त्यांना तिथे हरवलेला डबा तेवढा आठवत होता. बराकपूरचा नदीकाठ शून्य जणांनी पाहिला होता. तिथे जन्मलेले दोघे त्यात धरलेले आहेत. त्यावर सविस्तर चर्चा होऊन पुढच्या वर्षी केरळला जाण्याचे ठरले.

मुळ्यांनी केरळसाठी नाव दिले नाही. त्यांनी मे महिन्याची तीन तिकिटे काढली. यामिनी दर रविवारी आत्याला फोन करते आणि तब्येत विचारत नाही.

हे वाचताना ज्या वाचकांच्या मनात एक गाव आणि त्या गावातले एक माणूस येऊन गेले, आणि ज्यांनी तिथल्या तिथे "एवढा मार्च संपू दे" असे ठरवून टाकले, त्यांच्या निर्णयाची नोंद घेण्यात आली आहे. मार्चनंतर ऊन फार असते, जूनपासून पाऊस लागतो, पुढे गणपतीत गाड्यांना जागा मिळत नाही आणि दिवाळीत पाहुणे येतात. तेव्हा आपण निश्चिंत असावे. कारणे भरपूर आहेत. ती आपल्याला शेवटपर्यंत पुरतील.