केरबाचा मधला खांब

एका जंगलात केरबा नावाचं एक अस्वल राहायचं, बाळांनो. घर जुनं, पण ऐसपैस. मधोमध एक सागवानी खांब, आणि सगळं छप्पर त्याच्या भरवशावर.

केरबाची लेक लग्नाची झाली. सोमवारी मुलाकडचे बघायला येणार होते. म्हणून केरबानं घराची डागडुजी काढली आणि सुतारपक्ष्याला बोलावलं.

सुतारपक्ष्यानं खांबावर चोच वाजवली. टक. टक. मग भद.

"केरबादादा, हा आतून कुजलाय. बुरशी लागलीय."

"मग?"

"काढायचा. ओल कुठून येते ते शोधायचं. पंधरा दिवस धरा."

"पाहुणे सोमवारी आहेत."

"बुरशीला सोमवार कळत नाही, दादा."

केरबाला राग आला. शुभकार्याच्या घरात कुणी 'कुजलं' म्हणतं का? त्यानं सुतारपक्ष्याला घालवलं आणि सरडा रंगाऱ्याला बोलावलं. सरड्यानं एवढंच विचारलं, "कुठला रंग देऊ?"

दोन हात दिल्यावर खांब नवरदेवासारखा दिसू लागला.

सोमवारी पाहुणे आले. आता अस्वलांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. जेवण झालं की पाहुण्याला पाठ घासायला घरातला सगळ्यात चांगला खांब देतात. तो मान असतो.

लेक हळूच म्हणाली, "आबा, कोपऱ्यातला खांब द्या."

"कोपऱ्यातला द्यायला ते काय भाडेकरू आहेत?"

विहीणबाईंना मध जरा जास्तच झाला होता. त्यांनी मधल्या खांबाला पाठ लावली. एकदा घासली. दुसऱ्यांदा घासायला खांब नव्हता.

छप्पर खाली आलं. गवताचंच होतं म्हणून सगळे वाचले. लेकीनं डोळे मिटून घेतले. जुळत आलेलं मोडलं, असं तिला वाटलं.

विहीणबाई गवतातून वर आल्या. शिंकल्या. नाकातून भुगा उडाला.

"रंग कुणी दिलाय?"

"सरड्यानं," केरबा पुटपुटला.

"आमच्याकडंही त्यानंच दिलाय," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडं अजून कुणी पाठ घासली नाही, एवढंच."

सोयरीक तिथल्या तिथं पक्की झाली. मग दोन्हीकडच्यांनी बसून चूक कुणाची ते ठरवलं. सुतारपक्ष्याची. त्यानं टकटक केली नसती, तर आपण कुजलोय हे खांबाला कळलंच नसतं.

मांडव रंगवायचं काम सरड्याला मिळालं.

तात्पर्य: कुजका खांब घर पाडत नाही, कुजलाय म्हणून सांगणारा पाडतो. आणि बाळांनो, पाहुणे म्हणून कुठं गेलात, तर टेकून बसू नका.