चष्मा गेल्याची नोंद

दारव्ह्याजवळच्या तांड्यातील कु. वर्षा फुलचंद राठोड हिला विमान चालवायचे होते. परीक्षा पास झाली होती, प्रशिक्षण संस्थेत जागाही मिळाली होती. फक्त तीस तारखेपर्यंत वैद्यकीय दाखला दिला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. विमानवाल्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले, उत्तम आहेत म्हणाले, आणि तिथेच त्यांना संशय आला.

"तीन वर्षांपूर्वी लेझर केलंय ना? मग आधीच्या नंबरचा कागद आणा. इतकं चांगलं कसं दिसतं, हे कळायला हवं."

ज्या दवाखान्यात लेझर झाले, तिथे वर्षाने सरळ मराठीत अर्ज दिला: 'लेझरमुळे माझा चष्मा गेला. तरी जुन्या नंबरचा दाखला मिळावा.'

रेकॉर्डच्या खिडकीतल्या नानाजींनी अर्ज दोनदा वाचला आणि 'गेला' या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

"वस्तू गेली की पहिले पोलिसात जा लागते, पोरी."

"काका, गेला म्हणजे सुटला न! मले आता लागतच नाही."

"सुटला म्हणजे तुह्याच हातून सुटला. मंग दवाखान्यावर काहून ढकलून राह्यली? तक्रारीची नक्कल आण."

ठाण्यातले हवालदार हरिसिंग मात्र देवमाणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, कागद पुढे ओढला.

"कोणामुळं गेला?"

"लेझरमुळं."

"पूर्ण नाव सांग."

वर्षाला हसू आवरेना. हवालदारांनी लिहिले: 'फिर्यादी धक्क्यात आहे. संशयित लेझर, बहुधा परप्रांतीय.' काम किती वेळात उरकले, या प्रश्नावर ती खरे तेच बोलली: दर डोळ्याला एक मिनिट. पुढे शब्द वाढला: 'सराईत.'

असे करता करता अठ्ठावीस तारीख उजाडली आणि वर्षाचे वडील फुलचंद भडकले. त्यांनी बायकोच्या पेटीतून पोरीचा जुना चष्मा काढला आणि ठाण्याच्या टेबलावर आपटला. "हा घ्या! पोरीची जागा चालली न बाप्पा, आतातरी मिटवा!"

ठाण्यात आनंदीआनंद झाला. मुद्देमाल सापडला, पंचनामा झाला, वर्षाने सही करून चष्मा ताब्यात घेतला. तो कागद पाहताच नानाजींनीही तासाभरात दाखला दिला: 'अर्जदाराचा गेलेला चष्मा परत आला आहे. नंबर उणे पाच.'

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "परत आला? मग लेझरचा प्रश्नच मिटला!" त्यांनी शिक्का मारला: 'पात्र. अट: उड्डाण करताना सदर चष्मा लावणे बंधनकारक.'

"सर, पण तो लावला की मला काहीच दिसत नाही!"

"त्यासाठी वेगळा अर्ज करा."

वर्षाने तोंड उघडले, भिंतीवरची तीस तारीख पाहिली आणि मिटले. अर्ज करायची तिची हौस फिटली होती. संध्याकाळी तांड्यात पेढे वाटले गेले, याडीने पोरीची दृष्ट काढली. "जागा तर वाचली न, याडी!" म्हणत वर्षा आईच्या गळ्यात पडली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून वरून बघायला ती आठवड्याभरात शिकली.

चार-पाच वर्षांनी तुम्ही विमानात चढाल. जाड भिंगांची एक पोरगी पायलटच्या जागेवर बसताना दिसेल. तुम्ही शेजारच्याला कोपराने ढोसाल, "चष्मेवाली आहे, म्हणजे हुशार असन," आणि बिनघोर पट्टा बांधाल.